वाढलेलं वजन, उतरलेले दंड

बाबांचं वजन दोन किलोंनी वाढलं म्हणून वाड्यावर सगळे खूश होते. आज बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) डॉक्टरांनी त्यांच्या नडगीवर बोट दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. ते वाढलेलं वजन पाण्याचं होतं. हेपेटायटिस बी या विषाणूमुळे यकृताला सिरोसिस झाला, म्हणजे यकृत व्रणांनी घट्ट झालं, की पोटात आणि पायात पाणी साठतं, त्याच वेळी दंड-मांड्यांचे स्नायू झडत जातात. काटा मात्र एकच आकडा दाखवतो!

आता रोज सकाळी शौचानंतर, चहाआधी वजन. पोटाचा घेर टेपने. दोन-तीन दिवसांत दोन किलो चढलं तर लगेच कळवायचं. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. म्हणजे पुरुमेंताला (पावसाळ्याच्या बेगमीला) घेतलेले खारे, म्हणजे मीठ लावून सुकवलेले बांगडे, तोरांचं (कोवळ्या कैऱ्यांचं) लोणचं, पापड, सगळं बंद. पेजेबरोबर खाऱ्याचा तुकडा नाही हे बाबांना फार जड जातंय, आणि मला ते बघवत नाही. पण ताजे मासे, अंडी, मूग भरपूर खायचे. प्रथिनं तोडायची नाहीत, उलट वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम हवीत. झोपताना दूध किंवा नाचणीचं सत्त्व. आजारी यकृतात साखरेचा साठा कमी, रात्रभर उपाशी राहिलं तर शरीर स्नायू खातं.

हेपेटायटिस बीच्या विषाणूला दाबून ठेवणारी टेनोफोविरची गोळी चालूच. ताटवाटीतून हा आजार पसरत नाही, तेव्हा बाबांकडे बिनधास्त जेवायला या. फक्त खारं आणू नका.