वातड ऑम्लेट आणि बाबांची दाढ

सोमवार

बाबांची दाढ काढून आज दुसरा दिवस. डॉक्टर म्हणाले होते मऊ द्या, फार गरम नको, कडक तर अजिबात नको, आणि मला वाटलं ऑम्लेट म्हणजे मऊच की, त्यात चावायचंय काय. सकाळी करून दिलं आणि समोर बसलो तर बाबा एका बाजूने चावतायत, चावतायत, घास काही संपेना, शेवटी अर्धं ताटलीत तसंच आणि वर मला म्हणे "पोट भरलं रे". पोट कसलं भरतंय, तासाभराने गुपचूप केळं खाताना दिसले.

उरलेलं मी तोंडात टाकलं तेव्हा कळलं. वातड! रबर म्हणणार नाही, पण रबराचा सख्खा भाऊ. वीस वर्षं मी हेच ऑम्लेट करतोय आणि कोणी एका शब्दाने बोललं नाही, कारण आजपर्यंत खाणाऱ्या सगळ्यांना दात होते.

माझी पद्धत म्हणजे गॅस फुल, तेल जरा धुरायला लागलं की अंडी ओतायची, तो चर्रर्र आवाज आला की मला आपण लय भारी स्वयंपाकी असल्यासारखं वाटायचं. मग उलटायचं, वरून उलथण्याने दाबायचं. का दाबायचो ते आता विचारलं तर सांगता येत नाही, हात आपोआप जायचा.

मंगळवार

रात्री बसून जरा वाचलं, अंडं तापतं तेव्हा नक्की काय होतं ते. अंड्याच्या पांढऱ्यात जवळपास ९० टक्के पाणीच असतं, बलकातसुद्धा निम्मं पाणी. त्या पाण्यात प्रोटीनच्या गुंडाळ्या तरंगत असतात, उष्णता लागली की त्या सुटतात आणि एकमेकींना धरून जाळं विणतात, पाणी त्या जाळ्यात अडकून राहतं म्हणून अंडं घट्ट पण ओलसर लागतं. पण आच अशीच देत राहिलं की जाळं आवळत जातं आणि ओला कपडा पिळावा तसं पाणी बाहेर पडतं. माझ्या ऑम्लेटखाली ताटलीत नेहमी पाण्याचं थारोळं असायचं ते हेच होतं तर! मी इतकी वर्षं त्याचं खापर टोमॅटोवर फोडलं.

आकडे पण सापडले. पांढरं ६० अंश सेल्सिअसच्या थोडं पुढे गेलं की धरायला लागतं, बलक ६५ ते ७० मध्ये, आणि दोन्ही फेटून एकत्र केलं तर साधारण ७३ च्या आसपास. पांढऱ्यातलं मुख्य प्रोटीन मात्र ८० च्या आसपास आवळतं. आता माझ्यापुरती गोची अशी की आतून वाहतं ऑम्लेट, जे शौकीन लोक आवडीने खातात, ते बाबांना देणार नाही, वय झालेल्या माणसांना अर्धंकच्चं अंडं देऊ नये, साल्मोनेला नावाच्या पोट बिघडवणाऱ्या जंतूंची भीती असते, ७१ अंशापर्यंत जायलाच हवं. म्हणजे शिजलं पण पाहिजे आणि पिळलं पण जाता कामा नये, आणि या दोन्हीच्या मधली जागा जेमतेम आठ-दहा अंशांची. आणि मी तिथून दरवेळी एक्सप्रेस गाडीसारखा न थांबता पुढे जात होतो.

घरात स्वयंपाकाचा थर्मामीटर पडलेला आहे तो टोचून बघितला, पण एवढ्या पातळ ऑम्लेटमध्ये तो अंड्यापेक्षा तव्याचंच तापमान सांगत बसला. ठेवून दिला परत ड्रॉवरमध्ये.

बुधवार

आज दुसऱ्या टोकाला गेलो. गॅस एकदम मंद, इतका मंद की वाकून बघावं लागलं चालू आहे का. दहा मिनिटं लागली. रंग फिका, कडा कोरड्या, मधे चिकट. एवढा वेळ तव्यावर बसलं की पाणी हळूहळू वाफ होऊन जातं ते जातंच. बाबा म्हणाले, "आज काय आहे हे?" मी म्हणालो ऑम्लेट. त्यावर त्यांनी फक्त "बरं" म्हटलं. ते "बरं" मला संध्याकाळपर्यंत पुरलं.

गुरुवार

आज बऱ्याच गोष्टी एकदम सुधारल्या म्हणून नेमका फरक कशाने पडला ते छातीठोक सांगता येणार नाही, पण लिहून ठेवतो.

एक तर तवा. माझा मोठा तवा बाजूला ठेवला आणि २० सेंटीमीटरचा छोटा नॉनस्टिक पॅन काढला. तीन अंड्यांना तेवढा पुरतो. मोठ्या तव्यावर तीन अंडी कागदासारखी पसरतात आणि ओली राहणार तरी कुठून, सगळं नुसतं सालच. मला वाटतं माझ्या वातडपणाचा अर्धा दोष त्या तव्याकडे जातो (उरलेला अर्धा दाबणाऱ्या हाताकडे).

दुसरं मीठ. मी मीठ ओतायच्या क्षणी टाकायचो. आज फेटून, मीठ घालून पंधरा मिनिटं तसंच ठेवलं, तेवढ्यात बाबांच्या गोळ्या आणि माझा चहा झाला. मिश्रणाचा रंग जरा गडद झाला आणि ते थोडं पातळही वाटलं, मी घाबरलो, पण ते तसंच होतं म्हणे. मीठ प्रोटीनच्या मधे शिरतं आणि मग ती एकमेकांना तितकी घट्ट आवळत नाहीत. आधीपासून मीठ टाकलं तर अंडं कडक होतं असं मी कुठेतरी ऐकून बसलो होतो, इथे तर उलटंच निघालं.

तिसरं बटर, आणि हे मला सगळ्यात जास्त आवडलं कारण बटर हाच थर्मामीटर आहे. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं, वितळल्यावर फेस येतो आणि चुरचुरतं ते ते पाणी उकळून उडून जात असतं म्हणून. फेस बसायला लागला, आवाज कमी झाला की ओतायचं. वाट बघत राहिलं तर तपकिरी होऊन खमंग वास सुटतो, म्हणजे पॅन जास्त तापला, उचलायचा आणि जरा गार होऊ द्यायचा. इतकी वर्षं त्या चर्रर्र आवाजाच्या मागे होतो आणि आता आवाज बंद व्हायची वाट बघतोय.

दूध पण घालून बघितलं, चमचाभर. दुधाने प्रोटीन विरळ होतं, घट्ट व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, तेवढी सवड मिळते हे खरं. पण चव पांचट होते आणि जास्त पडलं तर परत तेच थारोळं. मी तरी परत घालणार नाही.

शुक्रवार

आज जमलं. मध्यम आच, फेस बसला, ओतलं, आणि पहिली पंचवीस-तीस सेकंद लाकडी चमच्याने सारखं हलवत राहिलो, कडेचं आत ओढायचं, पॅन तिरका करायचा, वरचं पातळ खाली जाऊ द्यायचं. मग हलवणं बंद. तळ धरला, वरचा थर अजून चमकत होता, ओला, आणि इथे माझा हात सवयीने उलथण्याकडे गेला तो मी अक्षरशः दुसऱ्या हाताने धरला. गॅस बंद केला. वर झाकण, मिनिटभर.

गॅस बंद करणं फार अवघड आहे हो! डोळ्यांना कच्चं दिसत असतं आणि आपण काहीच न करता उभं राहायचं. पण पॅन गरम असतो, कोंडलेली वाफ वरून काम करते, अंडं स्वतःच्या उष्णतेत शिजत राहतं. झाकण काढलं तर चमक गेलेली, वरून नुसतं सायीसारखं. कडेने सोडवलं, दुमडलं, ताटलीत सरकवलं. आधी चमच्याने मधे कापून बघितलं, वाहतं काही नव्हतं, खाली पाणी पण नव्हतं. बाबांना गरम चालत नाही म्हणून दोन मिनिटं ठेवून दिलं तसंच.

बाबांनी सगळं संपवलं. चमच्याने, एका बाजूने, फार न चावता. बोलले काहीच नाहीत, पेपर वाचत होते. मी पण काही विचारलं नाही, फक्त ताटली उचलताना जरा आवाज करून उचलली, तरी नाही.

रविवार

काल टाके काढले. डॉक्टर म्हणाले आता हळूहळू सगळं खायला हरकत नाही. आज सकाळी मी अंडी फेटून, मीठ घालून ठेवली होती, छोटा पॅन काढला होता, बटर बाहेर, एकदम तयारीत उभा होतो, तर बाबा स्वयंपाकघरात आले, वाटीत डोकावले आणि म्हणाले,

"आज तो नेहमीचा कर की रे."

"नेहमीचा म्हणजे?"

"तो तू करायचास तो. कडा जरा कुरकुरीत, खाली तपकिरी. हे आठवडाभर आजारी माणसाचं खाऊन कंटाळा आलाय."

मोठा तवा परत काढला. गॅस फुल केला. दाबलं मात्र नाही.