तुम्ही विचारलंत म्हणून: वसंतातला बर्फ आणि आदली रात्र

वसंतात हिमाच्छादित डोंगरांवर जाणारे अनेकजण मला विचारतात, "रात्री पारा शून्याखाली गेला असेल, तर दुसऱ्या दिवशी हिमस्खलनाची भीती उरते का?"

उरते, कारण पारा हवेचं तापमान सांगतो, बर्फाचं नव्हे. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल, तर हवेचं तापमान शून्याच्या किंचित वर असतानाही बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे सोडून घट्ट गोठतो. उलट रात्रभर ढग असतील, तर तीच उष्णता अडते आणि पहाटे हाती लागतो तो नुसता पापुद्रा. म्हणून मी आधी रात्रीचं आकाश लक्षात घेतो आणि मग टाच आपटून कवच किती जाड आहे ते पाहतो. पापुद्र्याखाली ओला बर्फ लागला, तर तीव्र उतारांचा बेत मी तिथेच सोडतो.

हे कवच इतकं महत्त्वाचं का, ते आत काय चाललेलं असतं यावरून कळतं. वितळलेलं पाणी खाली झिरपताना बर्फाच्या कणांमधले बंध सैल करतं, एखाद्या घट्ट थरावर साचतं आणि वरचा सगळा भार तिथून निसटू शकतो. हिवाळाभर कोरड्या राहिलेल्या थरांमध्ये पाणी पहिल्यांदाच उतरतं, ते ऋतूतले पहिले उष्ण दिवस मला सर्वांत धोक्याचे वाटतात. सलग दोन-तीन रात्री बर्फ गोठलाच नाही, तर साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर, किंवा त्यांच्या पायथ्याशीही, मी जात नाही.

गोठलेली रात्रसुद्धा काही तासांचीच मुदत देते. पूर्वेकडचे उतार सकाळीच तापतात, पश्चिमेकडचे दुपारनंतर. तापलेल्या खडकांपाशी बर्फाचे गोळे आपोआप घरंगळू लागले किंवा पाऊल घोट्याच्या वर रुतू लागलं, की मुदत संपली. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाचा माग काढणारं रेडिओ उपकरण), प्रोब (बर्फात खुपसून त्याची नेमकी जागा शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाजवळ हवंच; परंतु ओल्या हिमस्खलनाचा ढिगारा थांबताक्षणी इतका घट्ट बसतो की तो उपसण्यात मोलाची मिनिटं जातात.

एकदा माथ्यावर आम्ही ठरल्यापेक्षा तासभर अधिक थांबलो. पहाटे ज्या उतारावर बुटांना बांधलेल्या क्रॅम्पॉनचे धातूचे दातही जेमतेम रुतत होते, तिथे आता पाय गुडघ्यापर्यंत जात होता. आम्ही तो उतार सोडून खडकाळ धारेवरून उतरलो. खाली पोहोचायला तीन तास जास्त लागले.