एफ-१५० चा कार्बोरेटर उघडला

आज दिवसभर हाताला पेट्रोलचा वास. ओहायोतली आमची १९७८ ची फोर्ड एफ-१५० पिकअप, ३०० क्युबिक इंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन. थंड असताना चालू व्हायची, पण कार्बोरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा) चोक, म्हणजे हवा अडवणारं झाकण, उघडला की आचके देत बंद. हाताने चोक अर्धा झाकून धरला की लगेच शहाण्यासारखी चालायची. म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय.

शेजारचे आजोबा म्हणाले, "कार्बोरेटर नवीनच बसवून टाक." पण त्याच्या बुडाच्या गॅस्केटभोवती क्लीनर फवारून बघितलं, आरपीएम जराही हलला नाही. हवा तिथून शिरत नव्हती. मग उघडलाच.

फ्लोटच्या वाटीत, म्हणजे जिथे पेट्रोल साठतं तिथे, पांढरट भुकटी आणि गंजाचा गाळ. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल, ते पाणी ओढून घेतं. त्यात गाडी हिवाळाभर उभी! आयडलचं जेट (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना पेट्रोल देणारी बारीक भोकाची पितळी नळी) उजेडासमोर धरलं तर आरपार काहीच दिसेना. अशा वेळी तार घालायचा फार मोह होतो, पण पितळ मऊ. भोक मोठं झालं की जेट कामातून गेलं. क्लीनरमध्ये भिजवलं, हवा मारली, पुन्हा भिजवलं... आणि सुईच्या अग्राएवढा उजेड दिसला. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

फ्लोट कानाशी हलवून पाहिला, आत पेट्रोल शिरलेलं नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर जादा पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचा डायफ्राम (लवचिक पडदा) मात्र पार कडक झालेला, किटमधला नवीन घातला.

आता चोक पूर्ण उघडा, आयडल स्थिर. अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला की बारीकसा खोकला अजून येतो. पंपाची लिंक उद्या बघतो. आमचा कार्बोरेटर कार्टर वायएफ, तोच असलेले कोणी असाल तर बोला.