पडदा नसलेलं हॉटेल

परभणीत हॉटेलात जायचं म्हणजे आम्हा बायकांना फॅमिली रूम. फळ्या मारून केलेले खण, मळका पडदा आणि पडद्याखालून दिसणारे वेटरचे पाय. डोसा असो की सुशीला (फोडणीचे ओले मुरमुरे), खायचं तिथंच. गल्ल्याजवळची जागा बाप्यांची. बाबा रोज संध्याकाळी तिथं एका कट चहावर अर्धा तास काढायचे आणि गावभरच्या खबरी घरी आणायचे. मला खबरींपेक्षा त्या जागेचाच हेवा वाटायचा.

जर्मनीत कोलोनला आले. एकटी जेवायला गेले की वेटर दोघांचं टेबल द्यायचा आणि समोरचे काटे-चमचे उचलून न्यायचा. ते उचलणं मला फार लागायचं. एकदा पावसात कोपऱ्यावरच्या ब्राउहाउसमध्ये, म्हणजे इथल्या पारंपरिक बिअर-हॉटेलात शिरले, टेबल एकही रिकामं नव्हतं, म्हणून काउंटरच्या उंच स्टुलावर चढून बसले. तेव्हापासून टेबल मागितलेलं नाही. काउंटरला समोर रिकामी खुर्ची नसते, बिअरच्या नळावरचा माणूस असतो. इथल्या बोलीत त्याला त्साप्पेस म्हणतात.

इथली बिअर क्योल्श, 200 मिलीच्या उभ्या, बारीक ग्लासात. ग्लास संपला की न विचारता दुसरा येतो आणि खालच्या गोल पुठ्ठ्यावर पेन्सिलीची एक रेघ वाढते. शेवटी रेघा मोजून पैसे. नको असेल तर पुठ्ठा ग्लासावर ठेवायचा. आपण पंगतीत पानावर हात आडवा धरतो ना, तसंच. फक्त इथं तुमचं ‘नको’ पहिल्याच वेळी ऐकतात. (माझ्या पुठ्ठ्यावर रेघा किती, ते लिहीत नाही. आई हे वाचते.)

मेनूत ‘हाल्वे हान’ दिसायचं. अर्थ अर्धा कोंबडा, म्हणून मी शाकाहारी बाई दोन महिने त्याच्या वाटेला गेले नाही. शेवटी शेजारच्या स्टुलावरच्या आजींनी स्वतःची बशी पुढं सरकवून दाखवली: राईचा पाव, जाड गौडा चीज, कांदा, मोहरी. कोंबडा नावालाही नाही! टेबलावर बसले असते तर हे मला कोणी सांगितलं असतं?

जुन्या ब्राउहाउसांत मालकाला बसायला एक लाकडी खोपटं असायचं. तिथून पिंपं, वेटर, गिऱ्हाईक, सगळ्यांवर नजर. चर्चमध्ये पापाची कबुली द्यायची पेटी असते, तिचंच नाव लोकांनी त्याला दिलं. मी म्हटलं, हा तर आपला गल्ला!

आजींना मी ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ जर्मनमध्ये ऐकवलं. त्यांनी गंभीरपणे विचारलं, “पण जर्मनीच का?” लहानपणापासून म्हणत आले, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

गेल्या रविवारी दुपारी तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला.

“हॉटेलात एकटीच बसलीस? फॅमिली रूम नाही का गं तिथं?”

“नाही.”

“मग बायका कुठं बसतात?”

मी फोन काउंटरवरून फिरवला. आजींनी ग्लास उंचावला. आईनं पदर सारखा केला आणि हात जोडले.