मे महिन्यातलं बाळ, आप्पांचे मोजे आणि माझं जाकीट

चंद्रपूरला मे महिन्यात जन्मणाऱ्या बाळासाठी लोकरीचा बाळंतविडा विणू नये, हे माझं ठाम मत आहे आणि यावरून ताईशी माझं चांगलंच वाजलं.

भाचीला मे महिन्यातली तारीख दिली होती. ताईच्या डोळ्यांपुढे ठरलेला संच होता: टोपडं, स्वेटर, मोजे, दुपटं, सगळं पिवळं-पांढरं आणि सगळं लोकरीचं. आमच्या घरात प्रत्येक बाळाला ते मिळालंय. "पहिलं नातवंड आहे माझं, आणि तू सुती विणणार?" असं ती म्हणाली, तेव्हा तिचं वाईट वाटणं मला कळत होतं. पण आम्ही भावंडं जन्मलो ती नाशिकला आणि भर थंडीत. इथून जवळच्या निफाडला पारा पाच अंशांच्या खाली उतरतो. चंद्रपूरचा मे ४५ अंशांचा. त्यातून बाजारात 'बेबी वूल' म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रिलिकच असते, आणि ॲक्रिलिक घाम टिपत नाही. आठ दिवसांचं बाळ बिचारं घामोळ्यांनी रडेल आणि घरातले म्हणतील पोट दुखतंय.

म्हणून मी विड्याचे दोन भाग केले. आत्ता लागणारं सुती, आणि हिवाळ्यात लागणारं लोकरीचं. बाळ मेमध्ये झालं म्हणजे जानेवारीत ते आठ महिन्यांचं असेल, तेव्हा स्वेटर त्या मापाचा विणायचा. वर्षाच्या आसपास बाळाची छाती ४५-४६ सेंटीमीटर भरते, आतून झबलं येणार, म्हणून मी ५२ चा घेर धरला. नवजात बाळाच्या मापाचा स्वेटर दिसतो फार गोड, पण तो फोटोत एकदा येतो आणि मग कपाटात जातो. विणणारीचे हात त्यात खर्ची पडलेले असतात, तेव्हा तो पुढच्या थंडीत अंगावर दिसला पाहिजे.

आकार निवडला तो आडवं बांधायच्या अंगड्याचा. एक पाखं दुसऱ्यावर येतं आणि बाजूला बंद बांधायचे. डोक्यातून काही ओढून घालावं लागत नाही, तोंडात जाईल असं बटण नाही, आणि बाळ भरलं की बंद थोडे सैल बांधले की झालं. वीण साबुदाण्याची: एक टाका सुलट, एक उलट, आणि पुढच्या ओळीत सुलटावर उलट. ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि कडा वळत नाहीत.

सुती दुपट्याचा विचार मात्र मी जास्त केला. क्रोशाचं दुपटं म्हटलं की जाळीचे नमुने सुचतात, आणि उन्हाळ्यात जाळी बरी असंही वाटतं. पण लहान बाळाची बोटं जाळीत अडकतात. पायाचं बोट भोकात शिरून धागा आवळला गेला, तर ते आईच्या लगेच लक्षातही येत नाही. दाट मुके खांब, म्हणजे क्रोशाचे बुटके टाके, घालावेत तर सुती दुपटं जड होतं. मधला मार्ग असा निघाला: एक मुका खांब, एक साखळी, परत मुका खांब, आणि पुढच्या ओळीत मुका खांब आधीच्या ओळीतल्या साखळीच्या घरात. कापड मऊ पडतं, हवा खेळते आणि भोकं इतकी बारीक राहतात की काडेपेटीतली काडी जेमतेम जाईल. चारपदरी सुती धागा, ३ मिलिमीटरची सुई, ७५ बाय ७५ सेंटीमीटर. टोपडं ३६ सेंटीमीटर घेराचं. जन्मतः बाळाचं डोकं साधारण ३५ चं असतं आणि सूत लोकरीसारखं ताणत नाही, म्हणून एक सेंटीमीटर वर ठेवला. बंद आखूड आणि रुंद. सगळं दोनदा धुऊन, उन्हात वाळवून मगच पाठवलं, कारण सूत पहिल्या धुण्यात आटतं आणि ते आपल्या घरी आटलेलं बरं.

भाचीने दुपटं रोज वापरलं. ताईने लोकरीचं अंगडं पाहिलं, हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाली, "बंद बदामी लोकरीचे घाल, पांढरे मळतील." घातले बदामी.

आता माझ्याबद्दल. या वर्षी मी स्वतःसाठी नवी लोकर विकत घेतली. वाचणाऱ्याला यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही कदाचित. पण आमच्या आईचा एकही स्वेटर नव्या लोकरीचा नव्हता. आमचे आखूड झालेले स्वेटर ती उसवायची, खुर्चीच्या पाठीवर लडी गुंडाळायची, धुऊन खाली वजन बांधून वाळत टाकायची म्हणजे धाग्यातले कुरळे निघतील, आणि त्या तीन-चार रंगांतून तिचं जाकीट व्हायचं. तिच्या रंगांची निवड सुरेख असायची. तरीही माझ्या मनात राहून गेलंय की दुकानात जाऊन, दहा रंग खाली काढायला लावून, एक स्वतःसाठी घ्यावा, हे तिने कधी केलं नाही. मी केलं. वांग्याच्या रंगाची, सूत आणि ॲक्रिलिक मिसळलेली आठपदरी लोकर घेतली. बँकेत माझं टेबल एसीच्या अगदी खाली आहे, त्यामुळे मला जाकीट बारा महिने लागतं आणि निव्वळ लोकर बारा महिने घालवत नाही.

हे जाकीट गळ्यापासून खाली विणलंय. गळ्याचे टाके घालायचे, पुढचे दोन भाग, दोन बाह्या आणि पाठ अशा चार खुणा ठेवायच्या, आणि एकाआड एक ओळीत प्रत्येक खुणेच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवायचा. म्हणजे त्या ओळीत आठ टाके वाढतात. यातली मोठी सोय अशी की विणता विणता अंगात घालून बघता येतं. काखेपाशी पुरेसं झालं की बाह्यांचे टाके धाग्यावर उतरवून ठेवायचे आणि अंग पुढे न्यायचं. शिवण जवळजवळ नाहीच.

मापाचं गणित मी फार काटेकोरपणे करते आणि नव्याने शिकणाऱ्या सगळ्यांना ते करायला लावते. ४ मिलिमीटरच्या सुयांवर या लोकरीचे १० सेंटीमीटरमध्ये २२ टाके बसले. मला घेर १०४ सेंटीमीटर हवा होता. १०.४ गुणिले २२, म्हणजे २२८ टाके. आता हात सैल असेल आणि १० सेंटीमीटरमध्ये २२ ऐवजी २० च टाके बसत असतील, तर त्याच २२८ टाक्यांचं जाकीट ११४ सेंटीमीटरचं होतं. दोन टाक्यांचा फरक, आणि जाकीट दहा सेंटीमीटर ढगळ! म्हणून आधी तळहातापेक्षा मोठा तुकडा विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मग पट्टी लावायची. धुण्याआधी मोजलेल्या तुकड्यावर माझा विश्वास नाही, सुती मिश्रण असेल तर मुळीच नाही.

सुयांच्या नंबरांचंही एकदा सांगते, कारण घरोघरी आई-आजीच्या सुया आहेत आणि नमुने मात्र परदेशी बघितले जातात. आपल्याकडे जुन्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे ३.२५, १४ म्हणजे २. अमेरिकन नमुन्यातली १० नंबरची सुई ६ मिलिमीटरची असते. आईच्या १० नंबरच्या सुयांवर अमेरिकन १० चा नमुना घेतला, तर मोठ्या माणसाच्या स्वेटरऐवजी शाळकरी मुलाचा होईल. मिलिमीटर बघा, नंबर सोडून द्या.

सासूबाईंना गुडघ्यांच्या पट्ट्या हव्या होत्या. दोन सुलट, दोन उलट, गोल विणत जायचं, वीतभर लांबी. झाल्या.

आप्पांचे मोजे हे मात्र माझं या वर्षातलं सगळ्यात आवडतं काम. सासऱ्यांचे पाय संध्याकाळी सुजतात आणि दुकानातल्या मोज्यांचं इलॅस्टिक त्यांच्या नडगीवर वळ उठवतं. डॉक्टरांनीही घट्ट मोजे नकोत म्हणून सांगितलं होतं. माझ्या मुलाने जर्मनीहून येताना मोज्यांची खास लोकर आणली. ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन, १०० ग्रॅमच्या गुंड्यात चारशे मीटरच्या वर धागा. त्यात मोठ्या माणसाची जोडी आरामात होते. नायलॉन असतं म्हणून टाच आणि अंगठा लवकर झिजत नाही.

दोन्ही बाजूंना टोक असलेल्या पाच सुया, २.५ मिलिमीटरच्या, आणि त्यांवर ६४ टाके. पंज्याचा घेर २४ सेंटीमीटर, मोजा त्याहून जरा कमी, साडेएकवीसच्या आसपास ठेवला म्हणजे घोळ पडत नाही. वरच्या काठाचे टाके मात्र जाड सुईवर घातले आणि काठाला जेमतेम बोटभरच पट्टी दिली, त्यामुळे तो धरतो पण आवळत नाही. टाच ३२ टाक्यांवर. तिथे एक टाका विणायचा आणि एक नुसता उचलून घ्यायचा, म्हणजे मागे धागा दुहेरी होतो आणि टाच जाड बनते. मग अर्ध्यातून मागे फिरत फिरत ती वळवायची. सपाट पट्टीला एकाएकी खोली येते आणि टाच बसेल अशी जागा तयार होते. हा भाग मला दर वेळी तितकाच आवडतो. बोटांपाशी टाके बंद न करता सुईने एकमेकांत ओवून घेतले. तिथे शिवण आली की चपलेत टोचते.

आणि एक गोष्ट म्हाताऱ्या माणसांसाठी विणणाऱ्या प्रत्येकीला सांगायची आहे. विणलेला मोजा गुळगुळीत फरशीवर घसरतो. मी तळव्यांना सिलिकॉनचे ठिपके दिले आणि ते वाळल्यावर स्वतः घालून न्हाणीघराच्या दारापर्यंत चालून पाहिलं, मगच आप्पांना दिले. आप्पा फार बोलत नाहीत. मोजे घातले, पाय वर घेऊन बसले आणि संध्याकाळी काढून नडगी मला दाखवली. वळ नव्हता.

दिवाळीत बँकेतल्या मैत्रिणींना क्रोशाच्या चकत्या दिल्या, गरम भांड्याखाली ठेवायच्या. त्या शुद्ध सुतीच हव्यात, ॲक्रिलिक उष्णतेने वितळतं. चकती सपाट राहण्याचा नियम सोपा आहे: मुक्या खांबांची असेल तर दर फेरीत सहा टाके वाढवा, खांबांची असेल तर बारा. कारण वर्तुळाचा घेर त्रिज्येच्या सव्वासहा पटींनी वाढतो. मुका खांब जेवढा रुंद साधारण तेवढाच उंच, म्हणून सहा पुरतात. खांब त्याच्या दुप्पट उंच, म्हणून बारा. कमी वाढवले की वाटी होते, जास्त वाढवले की झालर.

ही झालर गणितज्ञांच्या कामाची आहे हे मला पुतण्याने सांगितलं. तो पुण्यात गणितात एमएस्सी करतोय. कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना तायमिना यांनी १९९७ मध्ये क्रोशाने अतिपरवलयी (हायपरबोलिक) प्रतल विणलं, म्हणजे सगळीकडे झालरीसारखं दुमडत जाणारं पृष्ठ. त्याआधीची कागदाची प्रतिकृती हाताळताना फाटायची. त्यांच्या विणकामातूनच पुढे मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी प्रवाळांचे आकार विणायला सुरुवात केली. पुतण्याला वाढदिवसाला मी तेच दिलं. दर तीन टाक्यांमागे एक जादा: २७ टाक्यांचे ३६ झाले, मग ४८, मग ६४. पुढे पुढे एकेक ओळ संपता संपत नाही आणि मुठीएवढ्या वस्तूत गुंडेच्या गुंडे जातात. त्याने घडी घालून त्यावर सरळ रेषा पाडल्या आणि एका बिंदूतून एकाच रेषेला न छेदणाऱ्या कितीतरी रेषा जातात ते मला दाखवलं. शाळेत एकच जाते म्हणून शिकलेली मी, माझ्याच हातच्या विणीवर ते बघत होते!

सुयांवर सध्या दोन कामं आहेत. एक दख्खनी मेंढीच्या लोकरीचं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका घोंगडी विणणाऱ्या कुटुंबाकडून हाताने कातलेलं काळं सूत आणलंय. ही लोकर आखूड आणि खरबरीत असते, अंगाला टोचते, म्हणून स्वेटरचा विचारसुद्धा नको. पण घोंगडीला चिंचोक्याची खळ देऊन जो ताठपणा आणतात, तो या सुतात मुळातच थोडा आहे. ६ मिलिमीटरच्या सुईवर दाट मुके खांब घातले की बसायला उत्तम आसन होतं. हे माझ्या स्वतःच्या पूजेच्या पाटावर जाणार.

दुसरं काम आप्पांच्या मोज्यांची दुसरी जोडी, त्यांनी मागितलेली. रंग करडा, कारण निळा "फार पोरकट" आहे. पहिल्याची टाच वळवून झाली आहे. आता पंजा सरळ खाली न्यायचा आणि पावलाच्या लांबीला साधारण पाच सेंटीमीटर कमी असताना बोटांसाठी टाके घटवायला लागायचं.