६४ खाती आणि अण्णांच्या रात्रपाळ्या

कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी टाइम ऑफिस आणि पगार बघते. मस्टर बंद करून हजेरीचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, तेव्हा ६४ जणांची खाती उघडायचं काम माझ्याकडं आलं. एक्सेल चढवली की दोन तासांत होतंय, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. मला पंधरा दिवस लागले.

पहिली फाइल विनातक्रार चढली. सहज एक-दोन खाती उघडून बघितली, तर पीएफचा यूएएन सगळ्यांचा जवळजवळ सारखाच. हा नंबर १२ आकडी. एवढा लांब आकडा एक्सेल आखडून, मध्ये ई घालून दाखवते आणि सीएसव्ही, म्हणजे सॉफ्टवेअरला चढवायची साधी फाइल करताना दिसतं तेवढंच साठवते. पुढचे आकडे गेलेच. टोकन नंबर, म्हणजे प्रत्येक कामगाराचा हजेरीचा नंबर, त्याचंही तेच. पंचिंग मशीनवर ००७, फाइलमध्ये नुसता ७, त्यामुळं त्या माणसाचं पंचिंग त्याच्या खात्यावर पडेना. मग रकाने आधी टेक्स्ट करून घेतले आणि प्रत्येकाचा नंबर कागद समोर ठेवून पुन्हा भरला. टोकनची शून्यं जपा, एवढं मी आता ज्याला त्याला सांगते.

खातं चालू करायची लिंक ईमेलवर जाणार होती. शॉपमध्ये ईमेल असलेले अकरा जण. बाकीच्यांना मोबाइल नंबरवर खाती काढली, तर बाप-लेकाचा नंबर एकच निघाला, आणि एका मामांचं सिम मुलाकडं पुण्यात. ओटीपी तिकडं वाजायचा. शेवटी जेवणाच्या सुट्टीत रोज पाच-सहा जणांना शेजारी बसवून घेतलं, स्वतःचं खातं त्यांच्याच हातानं उघडायला लावलं. बोटांचे ठसेही तेव्हाच घेतले. लेथवर वर्षानुवर्षं काम केलेल्यांच्या बोटांवर रेघा राहत नाहीत. चौघांचे ठसे मशीननं घेतलेच नाहीत. त्यांना कार्डं दिली. ठशासाठी माणसाला तीन-तीनदा हात धुऊन यायला लावणं मला पटत नाही.

पण खरा घोळ पुढंच होता.

पहिला आठवडा भरला आणि रात्रपाळीचे अण्णा ऑफिसच्या दारात आले. ‘‘ताई, माझी सोमवारची नाइट कुठं गेली ओ?’’ स्क्रीनवर सोमवारी एकच पंच, रात्री १०:५२. म्हणून गैरहजर. मंगळवारी सकाळी ७:०४ ला आत आणि रात्री १०:५० ला बाहेर, म्हणजे पावणेसोळा तास. अण्णा सकाळी घरी गेले ते सॉफ्टवेअरनं कामावर येणं धरलं होतं, आणि रात्री कामावर आले ते घरी जाणं. रात्री बाराला दिवस बदलतो, एवढंच त्याला माहीत. ओव्हरटाइम दुप्पट दरानं असतो. ही नोंद तशीच पगारात गेली असती तर एका दिवसाचा पगार बुडाला असता आणि न केलेल्या ओटीचे पैसे आले असते. नंतर ते कापून घेताना त्या माणसाला काय वाटलं असतं?

दिवस सकाळी सातला बदलायला लावून बघितला, तर पहिल्या पाळीची पावणेसातला येणारी मंडळी आदल्या दिवसात गेली. मग ११ ते ७ ची पाळी वेगळी काढून ‘दुसऱ्या दिवशी संपते’ अशी खूण केली. आमच्याकडं पाळी दर आठवड्याला फिरते, त्यामुळं प्रत्येक खात्याला महिन्याचं वेळापत्रक आधीच लावून ठेवावं लागतं. ते मी अजून स्वतः करते, सुपरवायझरवर सोडत नाही.

अण्णांच्या त्या आठवड्याचा हिशोब जुळवायला मस्टर उरलं नव्हतं. जुळला तो त्यांच्या घरच्या कॅलेंडरवरून. स्वयंपाकघरातल्या त्या कॅलेंडरवर प्रत्येक नाइटच्या चौकोनात वहिनी पेनानं ‘रा’ लिहितात, ओटी असेल तर खाली तास. अण्णांनी त्या पानाचा फोटो पाठवला. माझ्या दुरुस्त केलेल्या यादीशी सगळे ‘रा’ जुळले, एक सोडून. तो एक मी चुकवला होता.

तेव्हापासून दर एक तारखेला तो फोटो येतो. पगारपत्रक करायच्या आधी मी तो उघडते.