एकच विहीर, दोन मापं

विहिरीच्या खोदाईचा हिशोब ब्रासवर असतो, म्हणजे शंभर घनफुटांवर. चाळीसगाव तालुक्यात एका गोल विहिरीच्या मोजणीला मला बोलावलं, तेव्हा शेतमालक तात्या १७२.८ ब्रासचे पैसे द्यायला तयार होते आणि ठेकेदार १८९.६ ब्रासचं बिल घेऊन उभा होता. खोली ४० फूट, ती दोघांनाही मान्य. "एकाच खड्ड्यातून जवळपास सतरा ब्रास जास्तीचे निघाले कुठून?" तात्यांचा सवाल. बोलणं लबाडीपर्यंत गेलं होतं.

मी आधी टेप लावला. व्यास २४ फूट, परीघ ७५ फूट ५ इंच. दोघांचीही मापं बरोबर! मग दोघांना आकडेमोड विचारली. तात्यांनी व्यासाचा वर्ग करून त्यातली चौथाई वजा केली होती. ठेकेदाराने परिघाचा वर्ग करून बाराने भागलं होतं. दोन्ही रीती जुन्या आणि दोन्हींत 'पाय'ची (π, म्हणजे परीघ भागिले व्यास) किंमत सरळ ३. व्यासावरून क्षेत्रफळ काढताना पायने गुणायचं असतं, म्हणून ३ धरलं की माप साडेचार टक्के कमी भरतं. परिघावरून काढताना पायने भागायचं असतं. तिथे तेच ३ माप पावणेपाच टक्क्यांनी फुगवतं. खोटं कुणीच बोलत नव्हतं. मला फार बरं वाटलं.

२२/७ घेऊन आलं १८१ ब्रास. ठेकेदाराचा मुलगा म्हणाला, "काका, मोबाइलवर पूर्ण पाय घ्या की." घेतला. फरक पडला सात घनफुटांचा. उलट व्यासात दोन इंच चुकले तर अडीच ब्रास इकडचे तिकडे होतात, म्हणून मी व्यास आणखी दोन दिशांनी मोजून घेतला. भास्कराचार्यांनी लीलावतीत ३९२७/१२५० हे सूक्ष्म आणि २२/७ हे स्थूल, पण व्यवहाराला योग्य, असं सांगितलंय. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा शिलालेख याच तालुक्यात, पाटण्याला आहे, हे सांगताना मला अभिमान वाटला.

तात्यांच्या वहीत लिहून दिलं: व्यासाचा वर्ग गुणिले ११ भागिले १४. ठेकेदाराच्या बिलामागे: परिघाचा वर्ग गुणिले ७ भागिले ८८. दोघांनी आपापल्या रीतीने पुन्हा मांडलं. दोन्हीकडे १८१ आलं आणि तात्यांनी त्याच बैठकीत पैसे चुकते केले.